चुणीची कड

अडतीस वर्षं मी लोकांची मापं घेत आले. छाती, कंबर, मुंढा, बाही, उंची. टेप लावला की बायका पोट आत ओढून उभ्या राहतात, जशी काही मी परीक्षाच घेतेय. मी सरळ सांगते, बाई, श्वास सोड, नाहीतर तुझ्याऐवजी शिवण सोडेल. माझं तोंड हे असं आहे. तरी गिऱ्हाइकं येतात, कारण माझं माप चुकत नाही. आणि एवढी वर्षं झाल्यावर, साठीला टेकले तेव्हा, माझंच माप कुणीतरी घेतलं. तेही आतून, मी झोपेत असताना, मला न विचारता. आणि चुकीचं घेतलं.

झालं असं की एका सकाळी मशीनवर बसले होते आणि पोटात कळ आली. पायडलवरचा पाय उचलता येईना. आमच्या दुकानात दोन मशीनं आहेत, समोरासमोर. एकावर मी शिवते, दुसऱ्यावर आमचे हे काज-बटणं करतात. बाजारात त्यांना सगळे काजवाले म्हणतात. हा माणूस इतका संथ की कासवसुद्धा मागून हॉर्न वाजवेल. पण त्या दिवशी त्यांनी मान वर केली, माझा चेहरा बघितला आणि जन्मात पहिल्यांदा घाईनं उठले. त्या घाईनं मला कळलं की हे काही साधं दुखणं नाही.

पोटाला रक्त नेणाऱ्या नळीत गाठ अडकली होती. आतड्याला रक्त पोचेना, ते काळं पडलं. दोन दिवसांत दोनदा पोट उघडून डॉक्टरांनी काळं पडलेलं सगळं काढून टाकलं. मला धड शुद्ध आली तेव्हा छातीत एक बारीक नळी होती आणि तिच्या वर दुधासारख्या पांढऱ्या पाण्याची पिशवी लटकत होती. पोटाच्या डाव्या अंगाला आणखी एक पिशवी चिकटवलेली, आतलं बाहेर येईल ते झेलायला. तिचं भोक कुणीतरी हातानं कापलं होतं, कड वेडीवाकडी. हे मी सिस्टरला बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, मावशी बऱ्या व्हायला लागल्या.

मोठे डॉक्टर रोज सकाळी यायचे. उंच, शांत माणूस, कपडे कडक इस्त्रीचे, पँटची उंची मात्र अर्धा इंच कमी. त्यांनी समजावून सांगितलं. माणसाच्या पोटात लहान आतडं पाच-सहा मीटर असतं. मी मनात म्हटलं, अख्ख्या घराचे पडदे. मग ते म्हणाले, तुमचं आता पंच्याऐंशी सेंटिमीटर उरलंय. पंच्याऐंशी सेंटिमीटरमध्ये काय होतं? लहान पोराची चड्डी, तीही बिनखिशाची.

पहिले काही दिवस त्या आकड्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नाही. चौथ्या आठवड्यात, एका शुक्रवारी, तो त्यांनी उलगडून सांगितला. पोटावर पिशवी असलेल्या माणसाचं आतडं मीटरभर तरी उरलेलं असेल तर तो खाण्यावर जगू शकतो. त्याच्या खाली असलं तर खाल्लेलं अंगी न लागता पिशवीत येतं. मग अन्न छातीतल्या नळीनंच द्यायचं. रोज चौदा तास, घरी, कायम. सध्याची नळी कच्ची आहे, येत्या गुरुवारी पक्की बसवू. तोंडानं काय? चवीपुरतं, ते म्हणाले. दोन चमचे.

आमचे हे खाटेशी उभे होते. ते माझ्या पायावरचं पांघरूण सरळ करत राहिले.

आता हे सांगायला हवं, नाहीतर कुणी म्हणेल, म्हातारीला जिभेचे चोचले. दुकानात दुपारी दीडला दोन्ही मशीनं थांबतात. कटिंगच्या टेबलावरचं कापड बाजूला सारायचं, डबा उघडायचा, दोघांनी मिळून जेवायचं. मी भरभर जेवते आणि मग बसते यांच्या नावानं बोटं मोडत, कारण यांचा एक घास म्हणजे एका शर्टाची काजं. आणि शेवटचा घास हा माणूस डब्यात ठेवतो, माझ्यासाठी. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून. मी कधी आभार मानले नाहीत, उलट म्हणते, उष्टं ठेवायची ही काय खोड. पण तो घास मी रोज खाल्लाय. मला पुन्हा त्या टेबलाशी या माणसासमोर बसून जेवायचं होतं. बाकी देवाकडे माझं काही मागणं नव्हतं.

मी यांना रोज विचारायचे, जेवलात का? ते म्हणायचे, हो, कँटीनमध्ये जेवून आलो. बरं असतं का? बरं असतं. एवढ्यावर माझं समाधान व्हायचं आणि मी परत माझ्या पोटाकडे वळायचे.

दुपारी दुखण्याचं औषध नळीतून सोडलं की खाट हलकी व्हायची. भिंती जरा मागे सरकायच्या. खाटेभोवतीचा हिरवा पडदा वाऱ्यानं फुगायचा आणि खाली बसायचा, आणि वाटायचं की वॉर्डच श्वास घेतोय. वरची पांढरी पिशवी ठिबकत राहायची. ते ठिबकणं मला दुकानातल्या मशीनसारखं ऐकू यायचं आणि मी झोपेतच पाय हलवायचे. सिस्टर म्हणायची, मावशी, पाय शांत ठेवा. मी म्हणायचे, थांब गं, एवढी शिवण पुरी होऊ दे.

त्या शुक्रवारी दुपारी माझ्या तोंडातून टेप निघायला लागला. माझाच, दुकानातला, पिवळा, पहिल्या तीन इंचांवरचे आकडे पुसलेला. मी ओढत होते आणि तो येत होता, दुखत काहीच नव्हतं. वॉर्डभर पसरला, खाटांखालून गेला, समोरच्या खाटेवरची म्हातारी तो लोकरीसारखा हातावर गुंडाळायला लागली. पंच्याऐंशीपर्यंत आकडे होते. त्याच्या पुढे टेप कोरा. लांबी हवी तेवढी, आकडा एकही नाही. मी सगळ्यांना सांगत होते की हे मोजा, हेही माझंच आहे, पण आकडे नसल्यामुळे कुणी धरत नव्हतं. जागी झाले तेव्हा उशी ओली होती आणि दिवस अजून मावळला नव्हता.

माझं ते माप घेतलं होतं छोट्या डॉक्टरणीनं. शस्त्रक्रियेत मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली होती ती. रोज दुपारी ड्रेसिंग करायला यायची. पोरीचा पांढरा कोट खांद्यावरून दोन बोटं खाली उतरलेला आणि बाह्या बोटांवर आलेल्या. तिला बघितलं की माझे हात शिवशिवायचे. मी म्हणायचे, अगं, हा कोट तुझा की तुझ्या काकांचा? ती हसायची आणि पट्टी अगदी हळू काढायची. हात फार हलका होता तिचा.

सुरुवातीच्या एका दिवशी मी तिला विचारलं होतं की आतडं आत कसं ठेवलेलं असतं, वेटोळं करून, दोरीसारखं? तिनं कागदावर चित्र काढून दाखवलं. आतडं सुटं पडलेलं नसतं, एका पातळ पडद्याच्या कडेला लागलेलं असतं. त्या पडद्यातून रक्ताच्या नळ्या येतात. पडदा पाठीला चिकटलेला, तिथे जेमतेम वीतभर, आणि पुढे पसरत पसरत आतड्याच्या कडेला मीटरच्या मीटर होतो. मी म्हटलं, म्हणजे झालर. तिनं चित्राकडे बघितलं आणि म्हणाली, हो की, झालरच. तो कागद मी उशीखाली ठेवला होता.

सोमवारी दुपारी मला आमची दुकानाची गल्ली दिसली. पण ती सरळ नव्हती. वळत होती, मुडपत होती, पुन्हा उलट वळत होती. एका बाजूला घरं एकमेकांत दाबून बसवलेली, दाराला दार लागलेलं. दुसऱ्या बाजूला काहीच नाही, नुसती मोकळी कड, हवेत सुटलेली आणि जराशी हलणारी. मी घरांच्या बाजूनं चालत होते, हे मोकळ्या कडेनं. ऊन मऊ होतं. रस्ता पायाखाली कापडासारखा लागत होता, तलम, धुवून वाळवलेला. प्रत्येक वळणावर मी आधी पोचायचे आणि हे मागे राहिलेले. शेवटी मी नेहमीसारखी करवादले, म्हटलं, अहो, पाय उचला की जरा.

ते थांबले. रागावले नव्हते. म्हणाले, "अगं, मी हळू चालत नाहीये. माझ्या कडेला रस्ताच जास्त आहे."

तेवढ्यात एका दारात सासूबाई दिसल्या. जाऊन वीस वर्षं झाली त्यांना, पण चष्मा तसाच नाकाच्या शेंड्यावर आणि मांडीवर शिवण. त्यांनी मान वरही केली नाही. "माप विचारलंस कुणाला," त्या म्हणाल्या, "चुणीच्या कडेला?"

मी जागी झाले ती ताडकन. पोटातले टाके कळवळले. पडदा फुगत होता, खाली बसत होता. मी उशीखालचा कागद काढला आणि बघत राहिले.

सासूबाईंनीच मला शिवण शिकवलं. नवी नवरी असताना मी पहिली झालर लावली होती, एका छोट्या मुलीच्या फ्रॉकला. मुलीच्या वाढदिवसाचा फ्रॉक. जुन्या फ्रॉकवरून माप घ्यायचं होतं. मी शहाणी, टेप लावला तो जिथे झालर चुण्या घालून शिवलेली असते त्या कडेला, कारण तिथे टेप नीट बसतो, हलत नाही. खालची कड मेली सारखी हलते. त्या मापानं कापड फाडलं आणि झालर अर्ध्यातच संपली. सासूबाई ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, चुणीच्या कडेला विचारलंस तर ती नेहमी कमीच सांगते. आणि मग म्हणाल्या, उसव.

छोटी डॉक्टरीण आली तेव्हा मी कागद हातात धरून बसलेच होते. तिनं पट्टी काढली, जखम पुसली. मी तिचं काम होऊ दिलं. मग विचारलं, "कोणत्या कडेनं मापलंस?"

तिला आधी कळलं नाही. मी चित्रावर बोट ठेवलं. ही पडद्याची कड, जिथे आतडं जोडलेलं आहे. आणि ही समोरची, मोकळी. टेप कुठे लावलास?

ती सांगायला लागली की टेप इथून तिथपर्यंत, दहा-दहा सेंटिमीटर करत, न ताणता. बोलता बोलता थांबली. हातातला चिमटा तसाच राहिला. तिचा चेहरा मी बघत होते. आठवणीत मागे जाऊन आपलाच हात बघणारा चेहरा असतो ना, तसा झाला होता.

मग तिनं खरं सांगितलं, हे मात्र तिचं मानायला हवं. पुस्तकात लिहिलेलं असतं, मोकळ्या कडेनं मोजा. पण आतडं सुजलं होतं, निसरडं झालं होतं, टेप मोकळ्या कडेवरून सारखा घसरत होता. पडद्याच्या कडेला तो बसत होता, म्हणून तिथे धरला. दोनदा पोट उघडलेलं, पेशंट दमलेली, सगळ्यांना लवकर शिवून टाकायची घाई. तिनं आकडा पुकारला, कुणीतरी लिहिला, आणि त्यानंतर तो आकडा फाइलमध्ये पक्का झाला. त्यानंतर तिच्या मनात पुन्हा तो विषय आलाच नव्हता. आत्तापर्यंत.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी त्या पोरीला तिच्या त्या ढगळ कोटासकट पिळून वाळत घालावंसं वाटलं. माझं जन्माचं जेवण हिनं घसरणाऱ्या टेपपायी घालवलं. तोंडात शब्द तयार होते, आणि माझे शब्द कसे असतात ते बाजाराला विचारा. पण ती बोटांवर आलेल्या बाह्या पुन्हा पुन्हा मागे सारत होती, आणि ते बघून मला तो फ्रॉक आठवला. मीही टेप बसतो म्हणूनच तिथे लावला होता. दुसरं काही कारण नव्हतं.

ती म्हणाली, सर रागावतील. अगदी लहान आवाजात.

"उसव," मी म्हटलं. "चुकलेली शिवण लपवली की ती गिऱ्हाइकाच्या अंगावर उसवते. तू आत्ताच उसव."

ती उठली, आणि गेली. पट्टी अर्धीच लावलेली होती, ती मग सिस्टरनं लावली.

मंगळवारी सकाळी मोठे डॉक्टर आले, त्यांच्या मागे ती, डोळे लाल. मला वाटलं होतं की आता एकमेकांवर ढकलाढकली होणार. तसं काही झालं नाही. डॉक्टर स्टूल ओढून बसले, जे ते कधी करत नसत. म्हणाले, मावशी, मी तिथेच उभा होतो. आकडा ऐकला आणि पुढे गेलो, कोणत्या कडेनं घेतला हे मीही विचारलं नाही. पुन्हा पोट उघडून मापता येणार नाही, पण पांढरं औषध पाजून एक्स-रेच्या फोटोवर अंदाज काढता येईल. मी म्हटलं, गुरुवारच्या आत काढा. ते म्हणाले, उद्याच.

बुधवारी मला चाकाच्या खुर्चीतून खाली नेलं. फोटोची खोली थंड आणि अंधुक होती, पाण्याखालच्यासारखी. खडू कालवल्यासारखं पांढरं औषध पेलाभर प्यायला दिलं. लोक म्हणे त्याला नाकं मुरडतात. मी चार आठवड्यांत पहिल्यांदा काहीतरी गिळत होते, मी ते घोट घोट चाखून प्यायले. मग पडद्यावर मी मलाच बघितलं. काळ्या पाण्यात एक पांढरी वाट उमटत गेली, हळूहळू, वळत, थांबत, पुन्हा पुढे सरकत. कुठेतरी ती जाडजूड व्हायची आणि निवांत पडून राहायची. मला झोप येत होती आणि डोळे मिटवतही नव्हते. इतकी वर्षं बरोबर राहून आमची ती पहिली भेट होती. मला तिची दया आली. एवढीशी उरलीय आणि तरी आपली कामाला लागलीय.

फोटोवाल्यानं यंत्रावर त्या वाटेतून रेघ ओढली. मी विचारलं, कोणत्या कडेनं? तो म्हणाला, मधोमध. मधोमध! ना धड इकडचं ना तिकडचं, सरकारी काम. पण त्या मधल्या रेघेचा आकडा आला एकशे चार.

संध्याकाळी डॉक्टर पुन्हा स्टुलावर बसले. मी म्हटलं, एकशे चार. ते म्हणाले, मी याला एकशे चार म्हणत नाही आणि पंच्याऐंशीही म्हणत नाही. फोटो म्हणजे सावली, तिच्यातही चूक असते. शिवाय आतडं कापडासारखं पडून राहत नाही, जिवंत असतं, आखडतं आणि सैलावतं. तीन माणसांनी मापलं तर तीन आकडे येतात. मी शंभराच्या आसपास म्हणतो.

"मग पंच्याऐंशीवर एवढे ठाम कशाला होतात?" मी विचारलं.

छोट्या डॉक्टरणीनं मान खाली घातली. मग ते म्हणाले, लिहिलेला आकडा असला की माणूस ठाम होतो, मावशी. आणि मग एक गोष्ट त्यांनी सांगितली जी आधी सांगितली नव्हती. उरलेलं आतडं शिकतं. वर्ष-दोन वर्षांत आतून जाड होतं, रुंदावतं, गेलेल्याचं काम थोडंफार आपल्या अंगावर घेतं. पण त्याला वरून काम द्यावं लागतं, तोंडातून. नुसत्या नळीवर ठेवलं तर ते कशाला शिकेल?

मी म्हटलं, म्हणजे त्याच्यात माया असते.

त्यांना कळलं नाही. मी सांगितलं, शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात ना, पुढे अंग भरलं तर सैल करता यावं म्हणून, त्याला आम्ही माया म्हणतो. चांगला शिंपी माया ठेवल्याशिवाय कापत नाही. डॉक्टर हसले. म्हणाले, आतड्याची माया हे आईच्या तोंडून खूपदा ऐकलं होतं, असं ऐकलं नव्हतं. गुरुवारची पक्की नळी त्यांनी रद्द केली. तीन महिने, आहे तीच नळी सांभाळायची आणि तोंडानं थोडं थोडं सुरू करायचं. जमलं तर जमलं, नाही तर नळी आहेच, असं त्यांनी साफ सांगितलं. मला तेवढं पुष्कळ होतं.

गुरुवारी दुपारी दीडला वाटीत मऊ भात आला, मीठ घातलेला. चार चमचे खायची परवानगी. आमचे हे स्टुलावर समोर बसले. पडदा फुगत होता, ऊन खाटेच्या पायावर आलं होतं. मी पहिला चमचा तोंडात घातला आणि मला रडू आलं. भात गरम होता. गरम म्हणजे काय असतं हेच मी विसरले होते.

वाटी मोठी होती, माझ्या चार चमच्यांना उरून दोघांना पुरेल एवढी. मी म्हटलं, तुम्हीही घ्या. ते म्हणाले, माझं झालंय, कँटीनमध्ये. आणि माझ्या हातून रुमाल पडला तो उचलायला वाकले.

वाकले तेव्हा शर्ट वर सरकला. पट्ट्याला दोन भोकं जास्तीची होती. कारखान्याची नव्हेत, हातानं पाडलेली, एकसारखी, कडा स्वच्छ. असं भोक पाडणारा हात या गावात एकच आहे. आणि त्या पट्ट्याखाली पँट चुण्या घालून गोळा केलेली, पुढे पाच, मागे किती देव जाणे.

"कँटीन कुठे आहे हो?" मी विचारलं.

ते सरळ झाले. रुमाल माझ्या हातात दिला. दाराकडे बघितलं, मग खिडकीकडे. "खाली असेल," ते म्हणाले.

चार आठवडे रोज जेवणाऱ्या माणसाला कँटीन कुठे आहे ते माहीत नव्हतं.

मी पर्समधला टेप काढायला सांगितला. तो माझ्या पर्समध्ये असतोच. खाटेजवळ उभं केलं त्यांना, पट्टा काढायला लावला आणि बसल्या बसल्या कमरेला टेप लावला. माझे हात अशक्त होते, दोनदा निसटला. चौतीस होती कंबर, माझ्या वहीत वर्षानुवर्षं चौतीस लिहिलेली. एकतीस भरली. त्यांनी पोट आत ओढलेलं नव्हतं, पोटच नव्हतं.

जेवलात का विचारलं, हो म्हणाले, मी पुढे गेले. त्या पोरीवर मी केवढी फणफणले होते. माझ्यासमोर रोज उभं राहणारं माणूस, माझ्या आतड्याचं माणूस, आणि मी, जिचं माप चुकत नाही, तिनं महिनाभर त्याचं माप चुणीच्या कडेनं घेतलं. मला माझीच लाज वाटली.

ते म्हणाले, "तू नळीवर, आणि मी कसा जेवू? घास उतरत नव्हता गं."

मी त्यांना बसवलं आणि वाटी त्यांच्या हातात दिली. ते खायला लागले, त्यांच्या त्या चालीनं, एक घास म्हणजे एका शर्टाची काजं. मी या वेळी बोटं मोडली नाहीत. माझे तीन चमचे झाले होते. त्यांनी वाटी पुसत आणली आणि शेवटचा घास तसाच ठेवून वाटी माझ्यापुढे सरकवली, सवयीनं. चौथा चमचा म्हणून मी तो खाल्ला.

याला आता दहा महिने झाले. नळी अजून आहे, पण आठवड्यातून दोनदाच. बाकीचे दिवस मी कटिंगच्या टेबलाशी जेवते, थोडं थोडं, सहा वेळा. कधी सगळं पिशवीत वाहून जातं, तेव्हा मी सगळ्या जगावर चिडते. छोटी डॉक्टरीण एकदा कोट घेऊन आली होती, मी खांदे उचलून दिले, बाह्या आखूड केल्या. ती म्हणाली, मी आता टेप लावायच्या आधी कड मोठ्यानं सांगते, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

घरी आल्यावर पहिलं काम मी यांच्या पँटी कमी करायचं केलं. तीन इंच जादा होतं. दुसऱ्या कुणी कात्री चालवली असती. मी कापलं नाही, सगळं आत दुमडून कच्च्या टाक्यानं शिवून ठेवलं. काल दुपारी जेवण झाल्यावर यांनी हळूच पट्टा सैल केला, मी बघितलं. लगेच पँट काढायला लावली, टाके उसवले आणि दोन इंच बाहेर सोडले. एक इंच अजून आत आहे.

टाके उसवेपर्यंत हे लुंगी नेसून समोरच्या मशीनवर काजं करत बसले होते.